अनुभव धागा : वर्गात शिकवायला नेटवरून पहिल्यांदा काय आणलंत?

अबोली_फ्रीमाँट
सोमवारी आमच्या पार्ट-टाइम शिक्षकांच्या खोलीत एक नवीन मुलगा बसला होता. शुक्रवारी त्याला फोन आला, मंगळवारपासून संख्याशास्त्राचा संध्याकाळचा वर्ग घ्या म्हणून. हातात पाठ्यपुस्तक आणि वर्गाची किल्ली, बस्स. मला म्हणाला, पहिल्या तासाला तुम्ही काय करता? आणि मला एकदम १९९६चा ऑगस्ट आठवला. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

माझंही असंच झालं होतं. पुण्याहून एमएस्सी करून आलेले, इथे अमेरिकेतल्या वर्गात कधी पाऊल टाकलं नव्हतं. कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी कोण येतं हे तरी कुठे ठाऊक होतं! पहिल्या बाकावर पन्नाशीचे एक ट्रकचालक, मागे नर्सिंगला जायचं म्हणून धडपडणारी दोन लेकरांची आई, कोपऱ्यात दिवसभर हॉटेलात उभा राहून आलेला मुलगा. गणिताची धास्ती सगळ्यांनाच. पार्ट-टाइमवाल्यांना टेबल नाही, कपाट नाही, शेजारी विचारायला माणूस नाही. साडेनऊला वर्ग सुटला की जो तो आपल्या गाडीकडे.

लायब्ररीतल्या बाईंनी मला नेटस्केप, म्हणजे तेव्हाच्या ब्राउझरसमोर बसवलं. टेक्सास विद्यापीठाचं 'वर्ल्ड लेक्चर हॉल' नावाचं पान होतं, ठिकठिकाणच्या शिक्षकांनी आपापले अभ्यासक्रम तिथे विषयवार लावलेले. दुसऱ्याने पंधरा आठवडे कसे वाटून घेतलेत हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. मग सापडलं 'जर्नल ऑफ स्टॅटिस्टिक्स एज्युकेशन'. १९९३ला सुरू झालेलं, छापील अंक नाहीच, सगळं नेटवर आणि फुकट. त्यात हॅलिफॅक्सच्या सेंट मेरीज विद्यापीठातल्या रॉबर्ट डॉसन यांचा १९९५चा एक लेख होता. एका 'विलक्षण घटने'चा तक्ता. २२०१ माणसं, त्यातली ७११ वाचली. आर्थिक गट, वय, स्त्री की पुरुष, एवढंच दिलेलं. घटनेचं नाव लपवायचं आणि वर्गाने ओळखायचं.

मी तो तक्ता ट्रान्स्परन्सीवर, म्हणजे प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदावर, हाताने उतरवला. कुणी म्हणे भूकंप, कुणी म्हणे साथ. मग ट्रकवाले आजोबा हळूच म्हणाले, "बायका चारातल्या तीन वाचल्यात, पुरुष पाचातला एक. म्हणजे कुणीतरी बायकांना आधी जाऊ दिलंय. भूकंपात असं होत नाही. हे जहाज आहे." वर्ग गप्प झाला. टायटॅनिक! सिनेमा यायला अजून वर्ष होतं. त्या दिवसापासून त्या वर्गाची टक्केवारीची भीती गेली ती गेलीच.

तुम्ही काय काय आणलंत तेव्हा? शाळा, पॉलिटेक्निक, खासगी क्लास, कुठलंही चालेल. लिहा.

रानजाई
अंगावर काटा आला ताई. ते आजोबा पुढे पास झाले का??

अबोली_फ्रीमाँट
झाले. बी ग्रेड मिळाली. निकालाच्या दिवशी घरच्या झाडाची लिंबं घेऊन आले होते.

मिरजमळा
मी सांगलीकडे पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. ९७ साल असेल. शेल अकाउंट, म्हणजे नुसती अक्षरं, चित्र नाहीच. लिंक्स ब्राउझर. आमच्याकडून पुण्याच्या नोडला, म्हणजे इंटरनेटच्या केंद्राला, एसटीडी लावावा लागे, म्हणून रात्री अकरानंतर पाव दर सुरू झाला की बसायचं. बायको म्हणायची, अख्खं गाव झोपलं आणि तुमची शाळा भरली.

पण आणलं काय ते ऐका. सॅम गोल्डवॉसर यांचं 'रिपेअर एफएक्यू'. टीव्ही, व्हीसीआर, मायक्रोवेव्ह दुरुस्तीचं अक्षरशः भांडार, एका माणसाने जिवापाड मेहनत करून लिहिलेलं. सगळा साधा मजकूर, त्यामुळे आमच्या त्या लाइनवरही उतरायचा. त्यातला सुरक्षिततेचा भाग मी डॉट मॅट्रिक्सवर छापून प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिकटवला. टीव्ही बंद करून प्लग काढला तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट शिल्लक असू शकतात, कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आधी डिस्चार्ज करा, एक हात खिशात ठेवा. हे आमच्या पुस्तकात कुठेच नव्हतं. पुस्तकात ट्यूबची आकृती होती फक्त. पोरं पुढे दुकानं काढणार होती, त्यांना आकृती घेऊन काय करायचं होतं?

त्यातला एक परवा मिरजेत भेटला, म्हणे सर अजून एक हात खिशातच असतो.

चिंचगुळ
@मिरजमळा सर, एक हात खिशात का? मी कॉमर्सवाली.

मिरजमळा
दोन्ही हात लागले तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छातीतून, म्हणजे हृदयावरून जातो. एकच हात असला तर तो धोका बराच कमी होतो.

चिंचगुळ
बापरे. आज घरी सगळ्यांना सांगते.

देवगडहापूस
नोड, एसटीडी, पाव दर 😀 काय शब्द आठवून दिलेत. आमच्याकडे मोडेम लागला की आजी खालून ओरडायची, फोन ठेव रे, मावशीचा यायचाय. एकदा तिनेच रिसीव्हर उचलला, कानात ती किर्र किर्र, आणि ९० टक्के उतरलेली फाइल गेली. बाकी शिकवण्याशी माझा संबंध नाही, वाचायला बसलोय.

डेटन_सुलभा
मी ओहायोत अॅनाटॉमी शिकवते, नर्सिंगच्या आधीचा वर्ग. आमच्याकडे देह नव्हता, प्लास्टिकचा सांगाडा आणि छेदून पाहायला मेलेली मांजरं. एका हिवाळ्यात सहकाऱ्याने 'व्हिजिबल ह्यूमन'ची चित्रं दाखवली. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने नोव्हेंबर १९९४ला पुरुषाचा संच खुला केला, वर्षभराने स्त्रीचा. पुरुषाचे एकेक मिलिमीटरचे १८७१ छेद, स्त्रीचे त्याच्या तिपटीने बारीक. पूर्ण संच घ्यायचा तर करारावर सही करायची. तो एवढा मोठा होता की आमच्या संगणकात मावलाच नसता, पण नमुन्याची चित्रं नेटवर पाहता यायची. मी वीसेक उतरवली, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि रंगीत छापायला स्वतःचे पैसे घातले.

मूत्रपिंड पाठीकडे किती मागे असतं हे सांगून मुलींना पटत नाही हो. आडवा छेद दाखवला की एका क्षणात पटतं.

तो पुरुष टेक्सासमध्ये देहदंड झालेला कैदी होता, देहदान करून गेला होता. हे मी वर्गात सांगायचेच. एक विद्यार्थिनी म्हणाली होती, मग आपण त्याला मान देऊन बघू या. तिने स्लाइड सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं केलं. कुकरची तिसरी शिट्टी झाली, बाकी नंतर

रानजाई
सुलभाताई कुकर बंद करून परत या, थांबलोय आम्ही.

पारिजातक७१
एक विचारू का, कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपलं अकरावी-बारावीचं ज्युनिअर कॉलेजच ना?

हिरवा_चाफा
नाही. बारावीनंतरची दोन वर्षं. असोसिएट डिग्री मिळते, किंवा तिथून चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. शिवाय वेल्डिंग, नर्सिंग, हिशेब, इंग्रजी, सगळं. प्रवेश बहुधा सर्वांना खुला. घोळ होण्याचं कारण म्हणजे पूर्वी त्यांनाही ज्युनिअर कॉलेजच म्हणत. इलिनॉयचं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१चं, अजून तेच नाव आहे.

मी लायब्ररीयन होतो अमेरिकेतल्या अशाच एका कॉलेजात, आता निवृत्त. अबोलीताईंनी लायब्ररीतल्या बाईंचा उल्लेख केला म्हणून बरं वाटलं. आमच्याकडे नवे शिक्षक आले की मी आधी एरिककडे न्यायचो. एरिक म्हणजे शिक्षणविषयक लेख, अहवाल, निबंध यांचं सरकारी भांडार, साठच्या दशकातलं. आधी मायक्रोफिश, म्हणजे बारीक छापलेल्या पानांच्या फिल्म, त्या मशीनमध्ये घालून डोळे बारीक करून वाचायच्या. नेट आल्यावर शोध सोपा झाला. त्यात कम्युनिटी कॉलेजांसाठी स्वतंत्र विभाग होता, लॉस एंजेलिसला यूसीएलएमध्ये. त्यांचे 'डायजेस्ट' म्हणजे दोन-दोन पानी सार. रात्रपाळी करून येणारा विद्यार्थी का गळतो, वाचन कच्चं असलेल्याला विज्ञान कसं शिकवावं, असे विषय. पार्ट-टाइमवाल्याला दोनच पानं वाचायला वेळ असतो, हे त्या लोकांना कळलं होतं.

आणि 'आस्क-एरिक'! १९९२ला सिरॅक्यूज विद्यापीठात सुरू झालं. ईमेलने प्रश्न पाठवायचा, दोन कामाच्या दिवसांत माणूस उत्तर द्यायचा, मशीन नव्हे. संदर्भांची यादी जोडून.

२००३च्या अखेरीला ती सगळी विभागीय केंद्रं बंद झाली, कारभार एका ठिकाणी गेला. भांडार राहिलं, माणसं गेली. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

अबोली_फ्रीमाँट
हिरवा_चाफा दादा, ती डायजेस्ट! माझ्या लायब्ररीवाल्या बाईंनीही तीच काढून दिली होती. तुमच्यासारख्या माणसांमुळे आम्ही टिकलो.

चिंचगुळ
आता माझा नंबर. अमेरिकेत नाही, ठाण्यात अकाउंट्सचे क्लास घ्यायचे. भाऊ न्यू जर्सीला कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग शिकवायचा, त्याने एडगर दाखवलं. तिथल्या शेअर बाजारातल्या कंपन्यांचे खरे ताळेबंद. कार्ल मॅलामुड नावाच्या माणसाने १९९३ला ते नेटवर फुकट ठेवायला सुरुवात केली, दोन वर्षांनी ते काम शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने घेतलं. पुस्तकातल्या कंपनीचं नाव 'अ आणि ब' आणि नफा नेहमी पूर्णांकात. इथे खरी कंपनी, खरा तोटा, आणि टीपा पानंच्या पानं. भाऊ म्हणायचा, तोटा कुठे लपलाय ते टीपांत शोधा. मी छापून आणलेला एक ताळेबंद आमच्या क्लासात पाच बॅचेस फिरला, कडा मऊ पडल्या होत्या त्याच्या.

देवगडहापूस
@मिरजमळा तुम्ही मिरजेचे का? भडंग कुठलं घ्यायचं सांगा, पुढच्या आठवड्यात येतोय

मिरजमळा
व्यनि (खासगी निरोप) करतो. सांगलीतही थांबा.

सॅनहोजे_मनवा
आईबद्दल लिहिते, ती स्वतः लिहिणार नाही. आई कम्युनिटी कॉलेजात नवीन आलेल्यांना इंग्रजी शिकवायची, रात्री. व्हिएतनामी नेल सलूनवाल्या मावशा, मेक्सिकोचे माळी, एक इथिओपियन आजी. १९९५च्या अखेरीस सुरू झालेलं 'डेव्हज ईएसएल कॅफे' तिला कुणीतरी सांगितलं. तिथे इंग्रजी शिकवणारे एकमेकांना खेळ, प्रश्नमंजुषा, वाक्प्रचार देत. आई रोज रात्री एकच पान छापायची, कारण शाई महाग. मागची बाजू कोरी म्हणून मला गणिताला मिळायची. माझी पाचवीची सगळी गणितं इंग्रजी म्हणींच्या पाठीवर आहेत.

तिलाही टेबल नव्हतं ऑफिसात. गाडीच्या डिकीत खोकं होतं, त्यात सगळं. ते खोकं अजून गराजमध्ये आहे, बाबा टाकू देत नाहीत.

रानजाई
मनवा 🙏 आईला नमस्कार सांग. माझ्या सासूबाई पण डिकीतल्या शिक्षिका होत्या, फक्त स्कूटरच्या.

डेटन_सुलभा
आले परत. वरण झालं. मनवा, डिकीतलं खोकं वाचून रडू आलं. माझ्याही गाडीत फुफ्फुसं असायची, प्लास्टिकची.

अबोली, तुझ्या विषयाला आता पुस्तकसुद्धा फुकट झालंय ना?

अबोली_फ्रीमाँट
हो ग. आमच्या जवळच्याच डी अँझा कॉलेजातल्या बार्बरा इलोव्स्की आणि सुझन डीन यांनी लिहिलेलं. आधी राइस विद्यापीठाच्या 'कनेक्शन्स'वर होतं, आता ओपनस्टॅक्सचं, म्हणजे त्यांच्याच फुकट पाठ्यपुस्तकांच्या प्रकल्पाचं, 'इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स' म्हणून आहे. कम्युनिटी कॉलेजात शिकवणाऱ्यांनी, तिथल्याच मुलांसाठी. माझ्या वर्गात पुस्तक परवडत नाही म्हणून दोघं-तिघं एकात बघायची, त्यांच्यासाठी हे केवढं मोठं आहे. त्या नव्या मुलाकडेही तेच पुस्तक आहे.

पारिजातक७१
ताई तो तक्ता इथे द्याल का? मी नाशिकला नववीला शिकवते, शेकडेवारी चालू आहे.

अबोली_फ्रीमाँट
घे. नावं लपव.
गट पहिला ३२५, वाचले २०३.
दुसरा २८५, वाचले ११८.
तिसरा ७०६, वाचले १७८.
इतर ८८५, वाचले २१२. (हे जहाजावरचे कर्मचारी, पण मुलांना 'इतर'च सांग.)
स्त्रिया ४७०, वाचल्या ३४४. पुरुष १७३१, वाचले ३६७. यात मुलं-मुलीही आल्या, ती १०९ होती, त्यातली ५७ वाचली.
आधी नुसते आकडे दे. टक्के त्यांना काढू दे. तिसऱ्या गटापाशी थांब, तिथे मुलं आपणहून बोलायला लागतात.

पारिजातक७१
उतरवून घेतलं. गुरुवारी दुसरा तास माझा आहे. काय ओळखतात ते इथेच लिहिते.

अबोली_फ्रीमाँट
लिही नक्की. त्या मुलालाही काल हाच कागद दिला, आत्ता त्याचा वर्ग चालू असेल.