मदत हवी आहे: टेक्निकच्या भागांतून बांधलेल्या लंबकाच्या घड्याळाचा झोका हळूहळू कमी होतो आणि घड्याळ थांबते

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने मी लेगो टेक्निकच्या भागांतून वजनावर चालणारे लंबकाचे घड्याळ बांधत आहे. मोटर नाही, बॅटरी नाही. दोरीला टांगलेली पाण्याची बाटली खाली उतरते आणि तिच्या जोरावर मिनिटकाटा फिरतो, एवढीच कल्पना आहे. घड्याळ सुरू होते, टिकटिक करते, आणि चाळीस मिनिटांच्या आत केव्हातरी थांबते. ते अचानक अडकत नाही. लंबकाचा झोका हळूहळू लहान होत जातो, शेवटी अँकरच्या (लंबकाबरोबर हलून चाकाचे दात एकेक करून सोडणाऱ्या तुकड्याच्या) नखीतून दात सुटत नाही आणि सगळे शांत होते.

रचना पुढीलप्रमाणे आहे. सुमारे ४ सेंटिमीटर व्यासाचे रीळ थेट मिनिटकाट्याच्या ॲक्सलवर (दांड्यावर) बसवले आहे, म्हणजे ते तासाला एक फेरा घेते आणि बाटली तासाला साधारण १२.६ सेंटिमीटर खाली येते. तिथून पुढे वेग वाढवत नेणाऱ्या पाच जोड्या आहेत: ४० दाती गिअर ८ दातीला, पुन्हा ४० दाती ८ दातीला, मग २४ दाती ८ दातीला अशा दोन जोड्या, आणि शेवटी १६ दाती ८ दातीला. पाच गुणिले पाच गुणिले तीन गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे एकूण ४५० पट. एस्केप चाकाला, म्हणजे ज्याचे दात अँकर अडवतो आणि सोडतो त्या शेवटच्या चाकाला, आठ दात आहेत. लंबकाच्या एका पूर्ण आवर्तनात एक दात पुढे सरकतो आणि आवर्तनकाळ एक सेकंद आहे. आठ गुणिले ४५० म्हणजे ३६०० सेकंद, असा हिशेब बरोबर जुळतो. एक सेकंदाच्या लंबकाची लांबी २४.८ सेंटिमीटर येते आणि एक स्टड (विटेवरचा उंचवटा, अंतराचे माप म्हणूनही वापरतात) ८ मिलिमीटरचा असल्यामुळे ती नेमकी ३१ स्टड भरते, याचा मला सुरुवातीला फार आनंद झाला होता.

आतापर्यंत मी मुख्यतः वजनाशी खेळलो आहे. एक किलोवर घड्याळ दहा मिनिटेही चालत नव्हते. दीड किलोवर ते चाळीस मिनिटांपर्यंत गेले, म्हणून उत्साहाने दोन किलो लावले, तर ते पुन्हा दहा मिनिटांवर आले. याचे कारण मला कळलेले नाही. सिलिकॉनचे वंगण लावून पाहिले, त्याने विशेष फरक पडला नाही. लेगोबाहेरचा भाग शक्यतो वापरायचा नाही असा माझा हट्ट आहे, बाटली आणि तिची दोरी सोडून. चूक कुठे आहे आणि ती कशी शोधावी, याचे मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १

उपाय सुचवण्याआधी एक निरीक्षण करावे, अशी विनंती आहे. लंबकामागे कागदावर खुणा करून झोक्याची रुंदी अर्धा तास सलग नोंदवा. ती एकसारखी कमी होते, की कमी होऊन पुन्हा थोडी वाढते आणि परत कमी होते? दुसऱ्या प्रकारात त्या चढउताराचा काळ घड्याळ लावून मोजा. तुमच्या प्रत्येक ॲक्सलला एक फेरा घ्यायला ठरावीक वेळ लागतो. त्यामुळे दोष ज्या ॲक्सलवर असेल तो स्वतःची ओळख स्वतःच देईल.

धागाकर्ता

ही कल्पना मला सुचली नव्हती. दोन वेळा नोंदी घेतल्या. झोका एकसारखा कमी होत नाही. दर दोन मिनिटे वीस ते पंचवीस सेकंदांनी तो स्पष्टपणे आखडतो, मग थोडा सावरतो, पण दर वेळी आधीपेक्षा कमी सावरतो. दोन्ही वेळा घड्याळ अशा आखडण्याच्या वेळीच थांबले.

प्रतिसाद २

तुमच्याच आकड्यांवरून ॲक्सलांचे फेरे मांडून पाहू. मिनिटकाट्याचा ॲक्सल ३६०० सेकंदांत फिरतो, दुसरा ७२० सेकंदांत, तिसरा १४४, चौथा ४८, पाचवा १६ आणि एस्केप चाकाचा ८ सेकंदांत. दोन मिनिटे चोवीस सेकंद म्हणजे बरोबर १४४. दोष तिसऱ्या ॲक्सलवर आहे, हे आता जवळजवळ निश्चित समजा. तो ॲक्सल बाहेर काढून काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर लोळवा. वाकलेला असेल तर लोळताना त्याखालची उजेडाची फट उघडझाप करताना दिसेल. तो सरळ निघाला, तर त्यावरच्या दोन्ही गिअरांचे दात एकेक करून तपासा.

परंतु वाकलेला ॲक्सल बदलून काम संपेल असे मला वाटत नाही, कारण तुमच्या वजनाच्या प्रयोगात दुसरी गोष्ट दिसते. घर्षणाचा एक भाग ठरलेला असतो: बुश (ॲक्सलवर बसवलेली छोटी कडी) बीमला (भोके असलेल्या पट्टीला) घासणे, गिअरची बाजू शेजारच्या भागाला लागणे. तो वजनावर अवलंबून नसतो, म्हणून एक किलोवरून दीड किलोवर गेल्यावर तुम्हाला फायदा दिसला. दुसरा भाग भाराबरोबर वाढतो. दोन किलोला रिळाच्या बाजूची चौकट वाकू लागते, ॲक्सलची भोके एका रेषेत राहत नाहीत आणि ॲक्सल त्यांत चिमटला जातो. लावलेले वजन मग चौकट वाकवण्यातच खर्च होते. बहुधा याच भाराने तुमचा तिसरा ॲक्सलही वाकला असावा. वजन वाढवणे हा इथे उपाय नसून दोष झाकण्याचा प्रकार आहे, आणि तो काही काळच झाकला जातो.

तुमच्याकडे खर्चायला किती ऊर्जा आहे तेही पाहा. दीड किलो वजन तासाला १२.६ सेंटिमीटर उतरते, म्हणजे तासाभरात सुमारे १.८५ ज्यूल, सेकंदाला जेमतेम अर्धा मिलिज्यूल. त्यातून पाच जोड्यांनी आपापला वाटा काढून घ्यायचा आणि उरलेल्यात लंबक हलता ठेवायचा. समजा प्रत्येक जोडी दहातले आठच भाग पुढे पाठवते, तर पाच जोड्यांनंतर एक तृतीयांशापेक्षा कमी उरते. एक जोडी काढली की तोच उरलेला भाग सव्वापट होतो. म्हणून माझी स्पष्ट सूचना अशी आहे की शेवटची १६:८ ची जोडी काढून टाका.

नेमकी तीच का, तर या गिअरांची त्रिज्या मिलिमीटरमध्ये दातांच्या संख्येच्या निम्मी असते. ८ आणि ४० दातींचे अंतर ४ अधिक २० म्हणजे २४ मिलिमीटर, तीन स्टड. ८ आणि २४ दातींचे १६ मिलिमीटर, दोन स्टड. ही अंतरे साच्यात आपोआप बसतात. ८ आणि १६ दातींचे अंतर मात्र १२ मिलिमीटर, म्हणजे दीड स्टड होते. हे अर्ध्या स्टडचे अंतर तुम्ही कसे साधले आहे, ते लिहिलेले नाही. तिथे काहीतरी तडजोड झाली असणार आणि ती गिअरांच्या साखळीच्या सर्वांत नाजूक टोकाला झाली आहे, जिथे बळ सर्वांत कमी उरलेले असते. रिळाजवळ जो खरखरीतपणा खपून जातो, तो एस्केप चाकाजवळ घड्याळ थांबवतो.

जोडी काढल्यावर गुणोत्तर २२५ राहील. ३६०० भागिले २२५ भागिले ८ म्हणजे दोन सेकंदांचा लंबक लागेल, लांबी ९९.४ सेंटिमीटर. घड्याळ उंचावर ठेवावे लागेल, हे खरे. पण लांब लंबक त्याच दोन सेकंदांत निम्मेच धक्के मागतो. शिवाय वेळेच्या अचूकतेतही फरक पडतो. तुमच्या सध्याच्या लंबकाची लांबी एक मिलिमीटरने चुकली तर दिवसाला सुमारे तीन मिनिटांचा फरक पडतो. मीटरभर लंबकात तीच चूक ४३ सेकंदांवर येते.

राहिलेल्या दोन २४:८ जोड्यांच्या जागी ३६ दाती आणि १२ दाती वापरता आले तर तेही करावे. गुणोत्तर तिप्पटच राहते, अंतर मात्र तीन स्टड होते, म्हणून चौकट थोडी बदलावी लागेल. मोठा गिअर लहान गिअरला फिरवतो तेव्हा आठ दातांचे चाक फार अडखळत जुळते. बारा दातांचे बरेच नरम चालते. हे सगळे करताना अँकर काढून ठेवा आणि रिळाला थोडेसेच वजन लावून नुसती साखळी पळवून पाहा. कमीत कमी किती वजनावर ती आपोआप सुटते, तो आकडा प्रत्येक बदलानंतर लिहून ठेवा. मला झोक्यापेक्षा या आकड्यावर जास्त विश्वास आहे.

प्रतिसाद ३

वरील विवेचनाशी सहमत आहे, पण लंबकाच्या टांगणीकडे कोणी पाहिलेले दिसत नाही. तुमचा लंबक बीमच्या भोकातल्या ॲक्सलवर झुलत असेल, तर प्रत्येक झोक्याला सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा दांडा भोकात घासतो आहे आणि त्यावर गोळ्याचे सगळे वजन आहे. जुन्या घड्याळांत लंबक पातळ लवचीक पट्टीवर टांगतात, ते याचसाठी. पट्टी वाकते, घासत काहीच नाही. चिवट प्लास्टिकची अरुंद पट्टी दोन विटांमध्ये चिमटून धरली तर तोच परिणाम मिळतो. पाण्याची बाटली आपल्या नियमात बसत असेल, तर चार सेंटिमीटरची पट्टीही बसायला हरकत नसावी.

दुसरे म्हणजे आवाज ऐका. ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांमधली अंतरे समान नसतील तर घड्याळ लंगडते आहे आणि एका बाजूचा धक्का वाया जातो आहे. अँकर लंबकाच्या सापेक्ष किंचित फिरवून ती समान करावी लागतात. टेक्निकचा ॲक्सल फुलीच्या आकाराचा असल्यामुळे कोन नव्वद अंशांच्याच टप्प्यांत बदलतो. त्यापेक्षा सगळी चौकटच एका बाजूला पातळ प्लेटने उचलणे सोपे पडते.

धागाकर्ता

उत्तराला तीन आठवडे लागले, क्षमस्व.

तिसरा ॲक्सल काचेवर लोळवला आणि तो खरोखरच वाकलेला निघाला, अगदी थोडा, पण डोळ्यांना दिसेल इतका. दोष माझाच, दोन किलोंची बाटली मी चार दिवस थांबलेल्या घड्याळाला तशीच लटकत ठेवली होती. तो बदलल्यावर दर १४४ सेकंदांचे आखडणे नाहीसे झाले आणि घड्याळ सव्वा तास चालले. मग पुन्हा थांबले, या वेळी कोणतीही लय न दाखवता.

१६:८ च्या जोडीबद्दलचा अंदाजही बरोबर होता. स्टडच्या बरोबर खाली भोके असलेल्या दोन भोकांच्या १×२ विटा वापरून मी अर्ध्या स्टडचे अंतर साधले होते, पण त्या विटा चौकटीत घट्ट बांधलेल्या नव्हत्या, नुसत्या स्टडवर बसल्या होत्या. बोटाने दाबले की गिअरची पकड बदलत होती. ती जोडी काढली आणि लंबक मीटरभर केला. ३६ दाती गिअर माझ्याकडे एकच असल्याने एकाच जोडीत बदल करू शकलो. अँकर काढून साखळी पळवण्याची चाचणी तर मी सर्वांना सुचवेन: पूर्वी ६२० ग्रॅमशिवाय हालचाल नव्हती, आता १८० ग्रॅमवर ती आपोआप फिरू लागते. यातले सुमारे एक तृतीयांश श्रेय बुशांचे आहे. प्रत्येक बुश मी बीमला चिकटवून दाबला होता. तो अर्धा मिलिमीटर मागे घेतल्याबरोबर १५० ग्रॅमचा फरक पडला, पण इतकी साधी गोष्ट मी दोन महिने पाहिली नव्हती.

पट्टीच्या बाबतीत मी हट्ट सोडला. घड्याळ आता कपाटावर आहे, ८०० ग्रॅम वजनावर चालते, आणि काल ते बाटली जमिनीला टेकेपर्यंत, म्हणजे सलग नऊ तास चालले.

आता ते पुढे जाते आहे. नऊ तासांत १ मिनिट ४० सेकंद. गोळा किती खाली घ्यावा?

प्रतिसाद २

नऊ तासांत १०० सेकंद म्हणजे दिवसाला सुमारे २६७. मिलिमीटरला ४३ धरले तर सहा मिलिमीटरच्या किंचित वर. दोन प्लेटची जाडी ६.४ मिलिमीटर होते, तेव्हा गोळ्याच्या वर दोन प्लेट घाला आणि पुन्हा नऊ तास मोजा. दांड्याचे स्वतःचे वजनही लांबीत भाग घेते, त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम हिशेबापेक्षा थोडा कमी येईल. तिसरी प्लेट हाताशी ठेवा.