मदत हवी आहे: घरी केलेलं हॉवरक्राफ्ट फरशीवर तरंगतं, गच्चीवर बसकण मारतं

नमस्कार मंडळी,

लेक सातवीत आहे. विज्ञान प्रदर्शनात सोड्याचा ज्वालामुखी न्यायचा नाही म्हणाली, गेल्या वर्षी तिच्याच वर्गातून तीन गेले होते. म्हणून हॉवरक्राफ्ट, म्हणजे खाली हवा ढकलून त्या हवेवरच तरंगणारं वाहन. सीडीला फुगा लावलेलं कॅरमवर सुरेख पळालं आणि तिथेच आमची मती फिरली.

सध्याची अवस्था अशी: 60 बाय 40 सेंटीमीटरचा, इंचभर जाड थर्मोकोल. मधोमध गोल भोक, त्यात ड्रोनची ए2212 मोटर आणि 6 इंची पंखा, हवा खाली ढकलणारा. मागे तशीच दुसरी मोटर आणि सुकाणू. कचऱ्याची काळी पिशवी कापून कडेने परकरासारखी खाली सोडली आहे. बॅटरी 3 सेलची लायपो (लिथियम पॉलिमर), 2200 एमएएचची, शेपटाकडे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं मिळून 780 ग्रॅम भरलं. (आधी कॉम्प्युटरचे दोन पंखे लावून पाहिले. नुसता वारा घालत बसले. रबर सोल्युशनने चिकटवायला गेले तर थर्मोकोलच विरघळला, तो वेगळा अध्याय.)

घरातल्या गुळगुळीत फरशीवर तरंगतं, पण जागच्या जागी गिरक्या घेतं. गच्चीच्या कोब्यावर मात्र पिशवी फडफडते, मागचा भाग टेकतो आणि बेडकासारखं उड्या मारतं. मोठी मोटर घेऊ का? प्रदर्शन शाळेच्या पटांगणात आहे, शहाबादी फरशीवर. हातात दहा दिवस.

प्रतिसाद:

ताई, मोटरला हात लावू नका. 780 ग्रॅम भागिले 2400 चौरस सेंटीमीटर, म्हणजे चौरस सेंटीमीटरला जेमतेम पाव ते अर्धा ग्रॅम. पाण्याच्या भाषेत सव्वातीन मिलिमीटरचा दाब. तुमचा पंखा तेवढं सहज देतो, फरशीवर तरंगतंय तेच त्याचं प्रमाण. हवा गळतेय कुठे ते पाहा.

एक, पंख्याचं टोक आणि भोकाची कड यांत फट किती? पाच मिलिमीटर असेल तर आतली हवा तिथूनच वर पळते. कार्डशीटची नळी बसवून फट दोनवर आणा.

दुसरं आणि मुख्य, परकर काढा. पिशवीची खालची कड आत वळवून तळाला चिकटवा, म्हणजे कडेने टायरच्या ट्यूबसारखी नळी फुगेल. पंख्याची हवा आधी नळीत आणि नळीच्या आतल्या बाजूच्या भोकांतून मधे. फुगलेली नळी खडबडीत जमिनीवर बसते, लोंबती पिशवी फडफडते. लेकीला सांगायला गोष्टही आहे: हॉवरक्राफ्टचे ब्रिटिश संशोधक क्रिस्टोफर कॉकरेल यांनी 1955 च्या सुमारास एकात एक दोन डबे बसवून, मधल्या गोल फटीतून हवा सोडून स्वयंपाकाच्या काट्यावरच दाब मोजला होता. कडेने हवेचा पडदा केला की उघड्या डब्यापेक्षा जोर जास्त मिळतो. त्यांचं एसआर-एन1 हे हॉवरक्राफ्ट 25 जुलै 1959 ला फ्रान्सच्या कॅलेहून इंग्लंडच्या डोव्हरला गेलं तेव्हा त्याला स्कर्टही (कडेचा परकर) नव्हता. पण ते मोठं यान, तुमच्या कोब्याला ही फुगलेली नळी लागेलच.

बॅटरी पुढे सरकवा. दोन्ही बाजूंनी मधोमध बोट लावून उचला, समतोल राहायला हवा. गिरक्या पंख्याच्या उलट दिशेने असतील, ती त्याच्या फिरण्याची प्रतिक्रिया. पंख्याखाली चार तिरक्या पट्ट्या लावल्या की बऱ्याच कमी होतील. आणि मागच्या पंख्याला जाळी लावा, प्रदर्शनात पोरं बोटं घालतात.

धागाकर्ती:

खूप आभार! काल रात्री नळी केली. कड आत वळवताना सेलोटेपचे दोन रोल संपले, पण गच्चीवरून सलग टाकीपर्यंत गेलं! बॅटरी चार बोटं पुढे घेतली, शेपूट उचललं. गिरक्या मात्र आहेतच आणि हो, उलट दिशेनेच. त्या पट्ट्या पंख्याच्या किती खाली आणि किती तिरक्या लावू? जुन्या वहीचा पुठ्ठा चालेल का?