मदत हवी आहे: आजारी आईला घेऊन रोज डोंबिवली ते परळ, लोकलने

मंडळी, सोमवार तोंडावर आलाय म्हणून थेट विचारतो.

आम्ही कणकवलीचे. आईला (वय 63) सोमवारपासून परळच्या हॉस्पिटलात रेडिएशन सुरू होतंय. आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे. मुक्काम डोंबिवलीला मावशीकडे. रोज टॅक्सी झेपणारी नाही, त्यामुळे लोकलच. मी मुंबईत चार-पाच वेळा आलोय, तेही कोणाचं तरी बोट धरून. आई लोकलमध्ये कधीच बसलेली नाही. ती चालते, पण जिना चढला की दम लागतो, आणि गर्दीत धक्का बसला तर तिला सावरता येणार नाही.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आईला लेडीज डब्यात बसवलं तर मी दुसऱ्या डब्यात. परळ आलं हे तिला कसं कळणार? आणि ती उतरलीच नाही तर? जनरलमध्ये दोघं एकत्र जावं, तर सकाळची गर्दी मी बघितली आहे. फर्स्ट क्लासचा पास काढला तर निभेल का?

दुसरं, मावशी म्हणते फास्टने दादरला जा आणि तिथून स्लोने एक स्टेशन पुढे. तिने प्लॅटफॉर्मचे नंबरही लिहून दिलेत, पण ते दहा वर्षांपूर्वीचे आहेत. रोज तिकीट काढावं की पास, हेही सांगा.

कोपरकर:
दादा, आधी आईंना लवकर बरं वाटू दे.

लेडीज, जनरल, फर्स्ट क्लास हे तिन्ही विसरा. प्रत्येक साध्या (एसी नसलेल्या) लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो आणि कॅन्सरच्या रुग्णांना त्यातून जाता येतं. सेकंड क्लासचा पास चालतो. माझ्या वडिलांना मी असंच नेत होतो, आम्ही दोघंही त्याच डब्यात. हॉस्पिटलचं कार्ड मात्र कायम खिशात, कारण कोणी विचारलं तर दाखवावं लागतं. आईंकडे बघून आजार कळणार नाही आणि डब्यातले लोक आधी तुमच्याकडेच संशयाने बघतील. रागावू नका. धडधाकट माणसं त्यात घुसतात म्हणून ते तसे वागतात. कार्ड दाखवलं की हेच लोक उठून जागा देतात.

डबा कुठे येतो ते शोधायला प्लॅटफॉर्मवर व्हीलचेअरची खूण असते. त्या जागी एक यंत्र सारखं बीप-बीप वाजत असतं, दृष्टिहीन प्रवाशांसाठी. त्या आवाजाखाली जाऊन उभे राहा.

फर्स्ट क्लास सकाळी सेकंडइतकाच भरतो. त्यावर पैसे घालवू नका.

सकाळची_स्लो:
मावशींचा सल्ला धडधाकट माणसासाठी बरोबर आहे, आईंसाठी नाही. फास्टने दादर पाऊण तासात येतं हे खरं, पण बहुतेक फास्ट परळला थांबत नाहीत. मग दादरला उतरायचं, पूल चढायचा, दुसरा प्लॅटफॉर्म गाठायचा आणि पुन्हा त्या गर्दीत शिरायचं, एवढं सगळं एका स्टेशनासाठी! सरळ स्लो पकडा. सव्वा तासाच्या आसपास लागतो, पण एकदा बसलात की परळलाच उठायचं. त्यातही डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल बघा, ती रिकामी लागते. वेळा एम-इंडिकेटर या मोबाइल अ‍ॅपवर मिळतील.

नंबरांचं म्हणाल तर मावशींचा कागद बाजूला ठेवा. डिसेंबर 2023 पासून दादरचे प्लॅटफॉर्म सलग मोजतात, वेस्टर्न रेल्वेचे 1 ते 7 आणि सेंट्रल रेल्वेचे (म्हणजे तुमच्या लाइनचे) 8 ते 14.

प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर (पाटीवर) गाडीच्या नावाशेजारी एस दिसला तर स्लो, एफ दिसला तर फास्ट. शेवटच्या क्षणी प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा झाली तर आईंना घेऊन धावू नका. ती गाडी जाऊ द्या.

उतरायची तयारी दादर सुटायच्या आत करा. दादरला अर्धा डबा रिकामा होतो आणि तेवढेच लोक चढतात, तेव्हा आईंना आतल्या बाजूला घेऊन दांडी धरायला द्या.

परळवासी:
गाडीपेक्षा वेळेचं बघा. रेडिएशनची वेळ ठरवणाऱ्या काउंटरवर पहिल्याच दिवशी नम्रपणे विचारा, आम्ही डोंबिवलीहून येतो, दुपारची वेळ मिळेल का? साडेदहानंतर निघालात आणि चारच्या आत परतीची गाडी धरलीत तर अर्धा त्रास तिथेच संपला. संध्याकाळी पाचनंतर कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत परळला चढणं आईंना जमणार नाही. उशीर झालाच तर परळहून सुटणारी लोकल धरा. 2019 पासून इथून काही गाड्या सुटतात.

परळला पूर्वेला बाहेर पडा.

पास महिन्याचाच काढा, रोजच्या तिकिटापेक्षा खूप स्वस्त पडतो आणि रांगही वाचते. आणखी एक, उपचार संपून कणकवलीला जाताना मेल-एक्सप्रेसच्या तिकिटात कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला सवलत असते. त्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला हॉस्पिटल देतं. शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका, आधीच मागून घ्या.

मी (मूळ धागा):
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला दिवस पार पडला.

दुपारी सव्वाची वेळ मिळाली. डोंबिवलीला बीप ऐकू येईना, कारण शेजारी घोषणा चालू होती. शेवटी आईनेच भिंतीवरची व्हीलचेअरची खूण दाखवली. डब्यात एका काकांनी कार्ड मागितलं, बघितलं आणि आईला खिडकीची जागा दिली. मुंब्र्याची खाडी दिसली तेव्हा ती म्हणाली, "आपल्या गडनदीसारखीच दिसते." गेल्या दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच आजार सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलली.

आता एकच राहिलं. उपचार जूनच्या अखेरपर्यंत चालतील. जोराचा पाऊस होऊन गाड्या मध्येच थांबल्या तर तुम्ही काय करता? डब्यातच बसून राहायचं की जवळच्या स्टेशनला उतरायचं?

कोपरकर:
स्टेशनवर थांबली असेल तर उतरा आणि तिथेच बसा. दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली तर कितीही वेळ गेला तरी डब्यातच. बाकीचे रुळांवर उड्या मारतील, आईंना उतरवू नका. पाण्याची बाटली, औषधं आणि फोनची पॉवर बँक जवळ ठेवा. आणि सकाळपासून कोसळत असेल तर निघायच्या आधी हॉस्पिटलला फोन करून विचारा.