मुंजा विरुद्ध साती आसरा: एकाच विहिरीवर जुंपली तर कोण टिकंल?

सेलूचा नातू
आमचं शेत सेलू तालुक्यात, वालूरच्या वाटेवर. विहीर जुनी, दगडी बांधणीची, काठाला पिंपळ. आजीच्या हिशोबानं पिंपळावर मुंजा अन् पाण्यात साती आसरा, पाण्यातल्या सात देवी. म्हणजे शेजारीच की! आजी आसरांच्या सात खड्यांना हळद-कुंकू वाहायची, दहीभात ठेवायची, अन् माघारी फिरताना पिंपळाकडं बघून म्हणायची, "तुला बी ठिवलाय रं." मी एकदा इचारलं, ह्यांचं भांडण लागलं तर? पाठीत धपाटा बसला, उत्तर काही भेटलं नाही. तीस वर्षं झाली, आता तुम्हीच सांगा. अट एकच, वेताळाला पंच करायचं नाही. मुंजा त्याच्याच पालखीतला, तो कशाला नीट निकाल देईल?

गंगाखेडचा गोदाकाठ
ह्यात इचारायचं काय? आसरा. सातजणींची नावं तर बघा: मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतूपी, सोमपा, मकरी. मासळी, कासव, खेकडा, बेडूक, मगर, सगळी फौज घरचीच. अन् मुंजा कोण? मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधीच गेलेलं पोरगं. आठ-दहा वर्षांचं. लगीन राहिलं म्हणून झाडावर बसून खडे मारणार. सातातल्या एकीनं नुसतं "ये रे बाळा, पवायला" म्हणलं की खेळ खलास.

लातूरकर
गोदाकाठ, तुम्ही नदीकाठचे. भरलेली विहीर धरून बोलूलालाव. आमच्याकडं होळी झाली की विहिरीचा तळ दिसतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. आसरा त्या गाडीनं आल्या का, ते कुणी बघितलं नाही. कोरड्या विहिरीत मगर काय करणार? पिंपळाची मुळं मात्र कातळाची भेग धरून खाली जातात. मुंज्यानं खडासुद्धा मारू नये, फांदीवर पाय हलवत बसावं. माझा निकाल: वैशाखात मुंजा, भादव्यात आसरा.

गाळकाढ्या
आमचे वडील विहिरीतला गाळ काढायची कामं घ्यायचे. बंद पडलेल्या विहिरीत माणूस उतरवायच्या आधी पेटता कंदील दोरानं खाली सोडायचे. विझला की त्या दिवशी काम बंद. तळाला कर्बवायू साचलेला असतो. माणूस हाक मारायच्या आत खाली बसतो, त्याला काढायला गेलेला दुसरा बी तिथंच. गाव म्हणतं, आसरांनी ओढला. वडलांना वायूचं सगळं ठाऊक होतं, तरी कंदिलाच्या आधी नारळ फुटायचाच. मी म्हणलं, कामून? तर म्हणे, "नारळ वायूसाठी नाही. उतरणाराच्या पायाचं कापणं थांबतंय." माझं मत आसरांना. विहिरीनं नेलेली माणसं मी बघितली, मुंज्यानं नेलेलं एकबी नाही.

सेलूचा नातू
लातूरकर, तुमचा मोसमी निकाल पटला होता, पण एक सांगायचं राहिलं. दोन वर्षांमागं रस्ता रुंद झाला अन् पिंपळ गेला. विहिरीत पाणी आहे अजून, दिवाळीपर्यंत मोटर चालते. म्हणजे मुंजा बेघर अन् आसरा जाग्यावर, लढाई न होताच निकाल लागला म्हणायचा. आजी आता नाही, दहीभाताचं काकू बघते. परवा गेलो तर सात खड्यांच्या शेजारी आठवा खडा, थोडा बारका. त्याला कुंकू नाही, नुसता शेंदूर. मी इचारलं, तर काकू म्हणली, "मग कुठं जाईल ते लेकरू?"