क्रॉनमधून एसक्यूएल फाइली चालवताना एरर निसटते, कशी पकडावी?

सारणीकार: पोस्टग्रेस डेटाबेसवर रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सेवा) बारा एसक्यूएल फाइली ओळीने चालवायच्या आहेत. शेल स्क्रिप्टमधून पीएसक्यूएलला (पोस्टग्रेसचा कमांड-लाइन प्रोग्राम) 'डॅश एफ' देऊन एकेक फाइल चालते. मधला एखादा इन्सर्ट फसला तरी एक्झिट कोड ० (म्हणजे 'सगळं नीट झालं') येतो आणि पुढच्या फाइली अर्धवट डेटावर चालतात. पासवर्डही स्क्रिप्टमध्येच आहे. नीट पद्धत सुचवा.

धागादोरा: ० येणारच. पीएसक्यूएल मुळात एररला थांबत नाही, ती छापतं आणि पुढचं स्टेटमेंट घेतं. 'डॅश व्ही'ने ऑन_एरर_स्टॉप=१ द्या (नाव कॅपिटलमध्येच). मग पहिल्याच एररला थांबून कोड ३ मिळेल. कनेक्शन तुटलं तर २, फाइलच सापडली नाही तर १. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट डॅश ई' टाका, म्हणजे कमांड फसताच स्क्रिप्ट थांबेल आणि पुढची फाइल सुरूच होणार नाही.

पीएसक्यूएलला 'डॅश १' दिलं की सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्का होणारा किंवा एकत्र रद्द होणारा गट) जातं. बाराही फाइली एकमेकींवर अवलंबून असतील तर एकाच कमांडला बारा वेळा 'डॅश एफ' द्या: सगळं होईल, नाहीतर काहीच नाही. पण कृपा करून 'डॅश १' एकटं वापरू नका. ऑन_एरर_स्टॉप राहिलं तर एका एररनंतर बाकीची स्टेटमेंट नाकारली जातात, शेवटचं कमिट (बदल पक्के करणं) रोलबॅक (बदल रद्द करणं) ठरतं, आणि कोड पुन्हा ०! फाइलींत आधीच बिगिन-कमिट लिहिलं असेल तर ते काढा, नाहीतर मधलं कमिट ट्रान्झॅक्शन तिथेच संपवतं.

'डॅश कॅपिटल एक्स'ही जोडा, कुणाच्या पीएसक्यूएलआरसीतली (पीएसक्यूएल सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल) सेटिंग आड येणार नाहीत.

रात्रपाळी: आउटपुट पाइपने 'टी'कडे (आउटपुट दाखवून फाइलीतही लिहिणारी कमांड) पाठवत असाल तर कोड 'टी'चा येतो, पीएसक्यूएलचा नाही. बॅशमध्ये 'पाइपफेल' चालू करा, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी ते कळेल. पासवर्ड होम डिरेक्टरीतल्या डॉट पीजीपास फाइलीत ठेवा: होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर, पासवर्ड, मध्ये कोलन. परवानगी ०६०० हवी. गटाला किंवा इतरांना वाचता येत असेल तर ती फाइल विचारातच घेतली जात नाही.

क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची यादी) ओळीत तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह असेल तर त्याआधी बॅकस्लॅश द्या. नाहीतर क्रॉन ते नवी ओळ समजतं आणि कमांड तिथेच तुटते. कालचं काम संपलं नसताना आजचं सुरू होऊ नये म्हणून 'एफलॉक' (एका वेळी एकच प्रत चालू देणारं कुलूप) लावा.

सारणीकार: सातव्या फाइलीत व्हॅक्यूम (टेबलातल्या जुन्या ओळींची साफसफाई) आहे आणि एक इंडेक्स 'कन्करंटली' (टेबलातलं लिखाण न अडवता) बनतो. 'डॅश १'मध्ये चालेल?

धागादोरा: नाही, दोन्ही ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाहीत. ती स्टेटमेंट वेगळ्या फाइलीत काढून शेवटी 'डॅश १'शिवाय चालवा, ऑन_एरर_स्टॉप मात्र ठेवाच. कन्करंटली मध्येच फसलं तर अवैध इंडेक्स मागे उरतो. क्वेरीला तो उपयोगी पडत नाही, पण प्रत्येक इन्सर्टला त्याचा भार पडतो. टेबलाला 'बॅकस्लॅश डी' केलं की त्याच्यापुढे 'इनव्हॅलिड' दिसेल. आधी तो ड्रॉप करा, मगच पुन्हा बनवा. 'इफ नॉट एक्झिस्ट्स'वर विसंबलात तर नाव सापडतं म्हणून नवा बनतच नाही.