मदत हवी आहे: भोगवे-निवतीजवळ एकांतातलं रिसॉर्ट, सोबत सत्तरीची आई

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून सिंधुदुर्गातल्या भोगवे-निवती पट्ट्यात तीन रात्री राहायचं ठरतंय. स्पा असलेली शांत जागा हवी. आईचे गुडघे दुखतात, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. तिला अभ्यंग करून घ्यायचंय. मुलांना समुद्र हवाय. बुकिंगआधी काय विचारून घ्यावं?

कर्लीकाठ:
सगळ्यात आधी पायऱ्या विचारा. इथल्या बऱ्याच जागा डोंगरउतारावर आहेत. जांभ्याच्या पायऱ्या उंचीला एकसारख्या नसतात आणि कठडा असेलच असं नाही. गाडी थांबते तिथून खोली, खोलीतून जेवणघर, खोलीतून स्पा, असे तीन आकडे फोनवरच घ्या. 'थोड्याच आहेत' यावर थांबू नका, गुडघेदुखीला उतरणं चढण्यापेक्षा जास्त जाचतं.

रेल्वेने कुडाळला उतरा. कोकणकन्या, मांडवी, तुतारी तिन्ही थांबतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तुमच्यासाठी ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. पुढे परुळेमार्गे गाडीने साधारण तासभर. गाडी आधीच सांगून ठेवा. रात्रीच्या गाडीने सकाळी पोचाल आणि खोली दुपारी मिळेल, म्हणून लवकर ताबा देतात का तेही विचारा. रोख पैसे कुडाळलाच काढा.

तीळतेल:
आईंसाठी डॉक्टरांना विचारूनच ठरवा. रक्त पातळ होण्याची गोळी असेल किंवा पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर जोर देऊन मालिश नको. अभ्यंगानंतर वाफ द्यायची पद्धत असते, ती रक्तदाबवाल्यांनी टाळलेली बरी; वाफेतून उठताना दाब उतरून चक्कर येते.

लाकडी द्रोणी (तेलमालिशीचं कडा असलेलं लाकडी टेबल) आहे की साधं टेबल, हे नक्की विचारा. द्रोणी उंच असते आणि तेलाने निसरडी होते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीवरून उतरणंच अवघड. टेबल, चढायला पाट आणि उतरताना हात द्यायला बाई, एवढं मागून घ्या. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. आणि तीन दिवसांत 'पंचकर्म' (आयुर्वेदातले शरीरशुद्धीचे उपचार) देऊ म्हणणाऱ्यांकडे जाऊच नका, त्याची पूर्वतयारीच काही दिवस चालते.

प्रश्नकर्ती:
द्रोणीचं अजिबात माहीत नव्हतं, आभार! मुलांना पाण्यात कधी सोडावं?

कर्लीकाठ:
भोगव्याला कर्लीची खाडी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की खाडीचं सगळं पाणी बाहेर ओढ घेतं, म्हणून मुखाच्या बाजूला मुळीच उतरू नका. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करा: चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. हा अंदाज तासभर इकडेतिकडे होतो, तेव्हा गावातल्या रापणकरांना (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना) विचारून खात्री करा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओढही जास्त. त्या दिवसांत मुलांना गुडघाभर पाण्यापुढे नेऊ नका.

तीळतेल:
मोठ्यांनी मालिश घ्यायची असेल तर समुद्र सकाळी, मालिश संध्याकाळी. उन्हाने कातडी लाल झाली असेल तर त्या दिवशी तेल लावून घेऊ नका, चोळलं की आग वाढते. शिरोधारेनंतर (कपाळावर तेलाची धार सोडतात ती) केसांत तेल राहतं. ती शेवटच्या दिवशी नको, नाहीतर ओल्या तेलकट डोक्याने रात्रीची गाडी पकडावी लागेल.