विग धुतला की काथ्या होतोय, मदत हवी आहे

रुसलेली_बट
चार महिन्यांपूर्वी विग घेतला. पहिले दोन महिने रेशमासारखा होता. आता धुवून वाळवला की हाताला काथ्या लागतो, मानेकडे गुंता होतो आणि आतल्या जाळीवर पांढरी भुकटी बसते. शाम्पू तोच, पद्धत तीच. दुकानदार म्हणतो, "मॅडम, तुमचं पाणी खराब." मुंबईचं पाणी आणि खराब? शनिवारी दिराचा साखरपुडा आहे, पटकन सांगा. विग का लागतो ते कृपया विचारू नका.

चिकटपट्टी
खऱ्या केसांचा की सिंथेटिक? गरम पाणी वापरता का?

रुसलेली_बट
खऱ्याच केसांचा. एवढे पैसे मोजून सिंथेटिक कोण घेईल? पाणी कोमट.

चिकटपट्टी
मी घेतो. सहा वर्षं सिंथेटिकच लावतोय, कोणाला पत्ता नाही.

सातवा_तलाव
दुकानदार हात झटकतोय. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं: भातसा, तानसा, मोडकसागर, दोन वैतरणा, विहार, तुळशी. सगळं पावसाचं साठवलेलं, मऊ. तुळशी १८७९चा, तानसा १८९२चा, आणि विहार त्याहून जुना. क्षार येणार कुठून?

मालाडची_मावशी
चाई आहे का गं? माझ्या भाचीला होती. कांद्याचा रस चोळ रोज रात्री, विगची गरजच उरणार नाही.

रुसलेली_बट
मावशी, विचारू नका असं लिहिलं होतं. आणि कांदा विगला लावू की काय?

बोअरग्रस्त
पाणी नळाचंच आहे ना? बोअर किंवा टँकर नाही? दोन महिन्यांपूर्वी नेमकं काय बदललं?

रुसलेली_बट
काहीच नाही. फक्त परळहून कांदिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये आलो. त्याचा काय संबंध?

बोअरग्रस्त
अहो, हे आधी सांगायचं ना! बाथरूमच्या बादलीवर पांढरा थर बसतो? साबणाला फेस कमी येतो?

रुसलेली_बट
बादली घासून घासून हात दुखले. मला वाटलं बाई नीट घासत नाही. आत्ताच वॉचमनला विचारलं. पालिकेचं पाणी फक्त किचनच्या नळाला, सकाळी ६ ते साडेसात. बाथरूमला बोअर, उन्हाळ्यात टँकर. बिल्डरने हे सांगितलंच नव्हतं.

बोअरग्रस्त
मग सापडलं. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम केसाला चिकटतं आणि शाम्पूही नीट निघत नाही. आपल्या केसांना टाळूचं तेल मिळत राहतं, विगला कुठून मिळणार? म्हणून तो आधी बोंबलतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हा जडपणा, म्हणजे कडकपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरी सोयच नसेल तर ६००. आमच्या बोअरचा ७४० निघाला होता. सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र बसवा, मी बसवलाय.

आरओ_भक्त
सॉफ्टनर म्हणजे शुद्ध फसवणूक! आमच्या सोसायटीने बसवला. मीटर लावला तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, आधी ९००, नंतरही ९००. आरओचंच पाणी घ्या.

बोअरग्रस्त
राहणारच ९००! सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, म्हणून मीटरचा आकडा हलत नाही. टीडीएस म्हणजे कडकपणा नव्हे. साबण घासून बघा, फेस सांगेल.

आरओ_भक्त
म्हणजे पैसे देऊन मीठ विकत घ्यायचं. वा!

सातवा_तलाव
म्हणजे माझं बरोबरच होतं. पालिकेच्या पाण्याचा दोष नाही.

रंगपटातला_दामू
भांडा तुम्ही. ताई, शनिवारपर्यंत घरात कसलंही यंत्र बसणार नाही. सकाळी किचनच्या नळाचं दोन बादल्या पाणी भरून ठेवा. लिटरभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून विग दहा मिनिटं बुडवा, क्षार सुटतील. मग साध्या पाण्यात दोनदा खंगाळा. कंडिशनर फक्त टोकांना. मुळाशी लागला तर केस जाळीला बांधलेल्या गाठी सैल होऊन केस गळतात. टॉवेलने टिपा, पिळू नका, खुंटीवर नको, स्टँडवर सावलीत वाळवा. पुढे ईडीटीए असलेला क्षार काढणारा शाम्पू महिन्यातून एकदा पुरे. आणि रोज धुता की काय?

रुसलेली_बट
एक दिवसाआड. घाम येतो हो.

रंगपटातला_दामू
अरे देवा. नाटकाचे टोप आम्ही प्रयोगामागून प्रयोग धूत नाही, फक्त कडेचा गोंद स्पिरिटने पुसतो. तुम्ही आतून सुती टोपी घाला, ती रोज धुवा. विग आठ-दहा वेळा घातल्यावर धुतला तरी चालतो.

चिकटपट्टी
सिंथेटिकवर व्हिनेगर कशाला, त्याला गार पाणी बस्स. त्याचं खरं वैर उष्णतेशी. माझा पहिला विग कढईतून येणाऱ्या वाफेने गेला, पुढची बट भाजलेल्या शेवयांसारखी कुरळी झाली.

मालाडची_मावशी
रिठे उकळून बघ. आमच्या आजीचं गंगावन रिठ्यानेच धुवायचे.

रुसलेली_बट
गुरुवार रात्र. किचनचं पाणी, व्हिनेगर, सगळं केलं. जाळी स्वच्छ, भुकटी गेली, केस बऱ्यापैकी मऊ. रिठे नाही केले, मावशी. पण मानेकडचा गुंता तसाच आहे. दामूकाका?

रंगपटातला_दामू
तो पाण्याचा नाही, मानेवर घासला जाण्याचा. टोकाकडून वर, मोठ्या दातांच्या कंगव्याने, हाताने मुळाशी धरून सोडवा. शनिवारी ठुशी घालणार का?

रुसलेली_बट
हो, सासूबाईंची. का?

रंगपटातला_दामू
तिचा गोंडा मागे बांधताना केसांत अडकतो. आधी ठुशी, मग विग.